खाडीकाठी सहा पावसाळे उभी राहिलेली पिकअप पुन्हा रस्त्यावर आणताना

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी जोडून पहिल्याच दिवशी सेल्फ मारू नका.

घणसोलीत आमच्या घरामागे बाबांची टाटा २०७ सहा पावसाळे उभी होती. २००७ सालची, एमएच-४३ पासिंगची. दहा वर्षं तिनं पहाटे वाशीच्या मार्केटात भाजी पोचवली. माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं तिच्या भाड्यावर झाली. बाबांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. ती चालू करायचं मी ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या टेम्पोवरून जंप देऊन सेल्फ मारला. गाडी लागली. घरातले सगळे अंगणात आले, आईनं नारळ आणला. चार-पाच मिनिटांत इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. टाकीच्या तळाशी साचलेलं गंजाचं पाणी डिझेलबरोबर थेट पंपात गेलं होतं. इंजेक्शन पंप आणि चारही इंजेक्टर उतरवून कॅलिब्रेशनवाल्याकडे न्यावे लागले. टाकी धुणं, पाइप आणि फिल्टर यांचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता.

त्यानंतर मामांची दिव्याची पिकअप आणि मित्राची कळव्याची, अशा आणखी दोन गाड्या काढल्या. दोन्ही वेळा घाई केली नाही, क्रम सोडला नाही. तोच क्रम इथे देतो. तो जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल पिकअपसाठी आहे. गाडी कॉमन रेलची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, जास्त दाबाच्या डिझेल पद्धतीची) असेल तर डिझेलचं काम घरी करू नका, कारण तिथला दाब आणि सेन्सर हे वर्कशॉपचं काम आहे. बाकी सगळं तसंच लागू होतं.

आधी कागद

गाडीवर एक रुपया घालण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघा. फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र) कधी संपलं, विमा कधी संपला, कर्जाची नोंद अजून आहे का, हे तिथेच कळतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर जुना दंडही बघून घ्या. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवरचा बोजा तसाच राहिलेला असतो. तो उतरवायला बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बँकेची ती शाखाच दुसऱ्या बँकेत गेली असेल तर या पत्रालाच महिना लागू शकतो, म्हणून हे काम पहिल्या दिवशी सुरू करा. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ आहे.

मालवाहू नोंदणीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं फिटनेस मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. गाडी खासगी वापराच्या नोंदणीची असेल तर पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं, फॉर्म २५ भरून, पुढच्या पाच वर्षांसाठी. आरटीओत जाऊन थकलेला कर, त्यावरचा दंड आणि गाडीच्या वयाप्रमाणे लागणारं शुल्क यांचा एकत्र आकडा लिहून आणा. नोंदणी जिथली असेल तिथल्याच कार्यालयात विचारा: एमएच-०४ ठाणं, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल. गाडी तुमच्या हद्दीत पुन्हा पास होईल का, हेही तेव्हाच स्पष्ट विचारा.

हा आकडा आणि दुरुस्तीचा अंदाज मिळून त्याच मॉडेलच्या चालू गाडीच्या किमतीजवळ जात असेल, तर मनाला कितीही जड गेलं तरी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथून गाडी भंगारात जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळण्याची तरतूद आहे. भंगारवाल्याला नुसती उचलून दिली तर आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते.

पत्रा फसवतो, चॅसी सांगते

खाडीकाठच्या गाड्यांचा खरा शत्रू खारी हवा आहे. घणसोली, दिवा, कळवा, सगळीकडे तेच. वरून रंग बरा दिसतो आणि आतून लोखंड पापडासारखं सुटत असतं. गाडीखाली सतरंजी टाकून झोपा, हातात टॉर्च आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) ब्रॅकेट जिथे चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेत तिथे, हौद्याच्या आडव्या बीमवर आणि केबिनच्या माउंटिंगपाशी जोरात टोचत जा. टणक आवाज आला तर गंज वरवरचा आहे. टोक आत गेलं तर तिथे वेल्डिंगवाल्याचं काम आहे, आणि तेही चॅसीचं काम नेहमी करणाऱ्याचं. भोकावर पातळ पत्र्याचं ठिगळ लावून वर काळा रंग मारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. माल भरल्यावर पाटा तिथूनच सुटतो.

चॅसी नंबर शोधून ठेवा. आरटीओत त्याचा पेन्सिल प्रिंट लागतो. तो गंजाखाली दडला असेल तर डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा आणि पितळी ब्रशनं हलकेच घासा. ग्राइंडर तिथे अजिबात लावायचा नाही. नंबर पुसला गेला तर पुढे फार त्रास होतो.

मग बॉनेट उघडा. उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात घर केलेलं असतंच. आमच्या गाडीत नारळाच्या काथ्या आणि शाळेच्या वहीची पानं निघाली. फिल्टर फेका आणि डब्यापासून इंजिनपर्यंतचा होज आतून हात घालून साफ करा. वायरिंग इंच-इंच बघा. कुरतडलेल्या वायरला नुसती टेप गुंडाळू नका. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर करा. सेल्फची जाड केबल आणि बॉडीची अर्थिंग पट्टी, दोन्हीची टोकं पांढऱ्या-हिरव्या बुरशीनं खाल्लेली असतात, ती घासून घट्ट करा. सेल्फ लागत नाही असल्या निम्म्या तक्रारी या अर्थिंगपाशीच मिटतात.

इंजिन हातानं फिरवा

आता गाडी न्यूट्रलला टाका, चाकांना पुढेमागे दगड लावा. बॅटरी अजून जोडायची नाही. इंजेक्टर उतरवा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाच्या चमच्यानं तीन-चार चमचे इंजिन ऑइल आणि डिझेलचं मिश्रण टाका. भोकं स्वच्छ फडक्यानं झाका आणि एक दिवस तसंच राहू द्या. पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटलेल्या असतील तर हे मिश्रण हळूहळू झिरपून त्यांना सोडवतं.

दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला गोटी पाना लावून लांब दांडीनं, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं, सावकाश फिरवा. अडलं तर जोर लावू नका. पुन्हा मिश्रण टाकून दोन-तीन दिवस थांबा, रोज थोडं पुढेमागे हलवा. मामांची गाडी चौथ्या दिवशी सुटली. आठवड्यानंतरही ढिम्म हललं नाही तर हेड उतरवावं लागेल, मिस्त्रींना बोलवा. कडकपणा कमी न होता एकाच ठिकाणी ठक्क करून थांबत असेल तर व्हॉल्व्ह अडकल्याची शंका घ्या आणि तिथेच थांबा. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे त्याचा बेल्ट बदलल्याशिवाय हे करूच नका. जुना रबर तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की इंजेक्टर तपासून परत बसवा. इंजेक्टरच्या बुडाखालचे तांब्याचे वॉशर नवे घाला, जुने वापरले की तिथून कॉम्प्रेशन गळतं.

डिझेल: इथे कंजुषी करू नका

डिझेलपेक्षा पाणी जड, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसतं. अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत अर्धी हवा. ठाण्याच्या पावसाळ्यातली ती दमट हवा रात्री गार पत्र्यावर थेंब होऊन खाली उतरते. असे सहा पावसाळे गेले की तळाला पाणी, गंज आणि पाण्या-डिझेलच्या सीमेवर वाढणारी काळी, शेवाळासारखी घाण जमते. तीच आमच्या पंपात गेली.

टाकीखालच्या ड्रेन नटमधून सगळं डिझेल कॅनमध्ये काढा. ते नव्या डिझेलमध्ये मिसळून वापरायचा मोह टाळा. टाकी उतरवा. आत मूठभर छोटे नट आणि थोडं ताजं डिझेल टाकून खळखळून हलवा, चार-पाच वेळा, निघणारं डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत. पाण्यानं धुतली असेल तर दिवसभर उन्हात पूर्ण वाळवा. टाकीला वेल्डिंग लागलं तर रिकाम्या टाकीतली वाफही पेटते, म्हणून ते काम नेहमीच्या टाकीवाल्याकडूनच करून घ्या. आतला पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर दुसरी टाकी शोधा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा शीळफाट्याच्या बाजूच्या भंगार गोदामांत जुन्या पिकअपची टाकी मिळते. आत बॅटरी मारून बघूनच घ्या.

रबरी डिझेल पाइप सगळे नवे घाला. वरून चांगला दिसणारा पाइप वाकवला की बारीक भेगा दिसतात. तिथून डिझेल गळत नाही, हवा ओढली जाते, आणि मग गाडी लागून बंद पडते. दोन्ही डिझेल फिल्टर आणि पाणी वेगळं करणारी वाटी बदला. टाकीत दहा लिटर ताजं डिझेल भरा.

आता एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा, काढायची. फिल्टरवरचा ब्लीडिंग बोल्ट दोन आटे सैल करून हँड पंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की बोल्ट घट्ट करा. तसंच पंपावरच्या बोल्टला. इंजेक्टरच्या नळ्यांचे नट शेवटी सेल्फ मारताना सैल करून घट्ट करायचे. त्या वेळी बोटं तिथे नेऊ नका. इंजेक्टरमधून सुटणारी धार कातडीतून आत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

ऑइल आणि पाणी

डिपस्टिक काढा. ऑइल दुधट चहासारखं असेल तर त्यात पाणी आहे, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसतं काळं असेल तर ठीक. जुनं ऑइल सांडून स्वस्तातलं १५डब्ल्यू-४० आणि नवा फिल्टर घाला. हे ऑइल फक्त पहिल्या शंभर किलोमीटरसाठी, सगळी घाण घेऊन बाहेर पडायला. रेडिएटरमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी जमिनीवर डाग बघा. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून थेंब येत असेल तर पंपाचं सील गेलंय. होज, थर्मोस्टॅट आणि फॅन बेल्ट बदलून टाका, एकूण खर्चात हे किरकोळ आहे.

पहिला स्टार्ट

बॅटरी नवी किंवा नीट चार्ज केलेली हवी. चार्जिंगनंतर काही तास तशीच ठेवून मीटर लावला की १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे. शक्य तर दोन माणसं ठेवा. एक केबिनमध्ये, दुसरा बॉनेटपाशी.

आधी स्टॉप केबल ओढून धरा म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यात सेल्फ मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबून. ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं. मगच स्टॉप सोडा.

बॉनेटपाशी उभ्या माणसाच्या हातात इनटेकच्या (इंजिन हवा आत घेतं त्या) तोंडापेक्षा मोठा, सपाट लाकडी फळीचा तुकडा असू द्या. वर्षानुवर्षं उभ्या डिझेल गाडीत कधीकधी पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) चिकटलेला असतो आणि इंजिन आपोआप रेस होत जातं, चावी बंद केली तरी थांबत नाही. तेव्हा हवा बंद करणं हा खात्रीचा उपाय. फळी इनटेकच्या तोंडावर घट्ट दाबायची. हात किंवा फडकं लावायचं नाही, फडकं आत ओढलं जातं. मित्राच्या गाडीला ही फळी खरोखर लागली, म्हणून इतकं सांगतोय.

लागल्यावर निळा-पांढरा धूर येईल, सिलिंडरमध्ये टाकलेलं ऑइल जळतंय. दहा-पंधरा मिनिटांत तो कमी व्हायला हवा. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि थांबत नसेल तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे बहुतेक हवा कमी किंवा इंजेक्टर खराब. रेस देऊ नका, आयडलवरच तापू द्या आणि बॅटरीवर मीटर लावा: १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर काम करतोय. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर चढला किंवा ऑइलचा दिवा पुन्हा लागला तर लगेच बंद.

ब्रेक

इंजिन लागलं की माणसाला लगेच गाडी गल्लीबाहेर न्यावीशी वाटते. बाबांनाही वाटलं होतं. मी चावी खिशात ठेवली, कारण ब्रेक अजून उघडलेच नव्हते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. सहा वर्षांत त्यात इतकं पाणी जातं की व्हील सिलिंडरमधले पिस्टन आतून गंजतात आणि रबरी वॉशर ताठ होतात. पेडल कडक लागतं म्हणून ब्रेक चांगला असं समजू नका. पाइप आतून सुजून बंद झाला तरी पेडल कडकच लागतं.

मागचा हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. ड्रमवर सगळीकडून हातोडीनं मध्यम ठोके मारा, ड्रमला जी दोन आट्यांची भोकं असतात त्यात बोल्ट आवळून ओढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हे करायचं नाही, खाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका, एअरही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, चाकांपाशी असलेले रबरी पाइप, सगळं नवं घाला. नुसतं नव्या रबरांचं किट टाकून जुने सिलिंडर चालवायचा सल्ला मिळेल. आत बोटाला खड्डा लागत असेल तर किट महिनाभरात गळतं. लोखंडी ब्रेक पाइप चॅसीच्या आत जातो तिथे, क्लिपांखाली, सर्वांत जास्त गंजतो. क्लिप काढूनच बघा. मागच्या अ‍ॅक्सलवर वजनाप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी जाम नाही ना, तेही बघा. ती जाम असली तर रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात घसरू शकतात.

मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून ब्रेक ब्लीड करा, बाटलीवर लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद ऑइल वापरून. बूस्टर (ब्रेकला जादा जोर देणारा भाग) तपासायला इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर गाडी लागलेली असताना गियर पडत नाही. पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून रात्रभर दाबून ठेवा. बऱ्याचदा सकाळी सुटते. गियरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदला, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, किंगपिनला, शॅकलला जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारा. पुढच्या हबचे बेअरिंग काढून धुवून ग्रीस भरा.

टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. १४१६ म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी बाजूला भेगा असतील तर टायर माल ओढायच्या लायकीचा नाही. सगळेच बदलावे लागतील असं धरून चला.

पहिले किलोमीटर आणि पासिंग

विमा आधी. थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर गाडी काढणं बेकायदा आहे, आणि कोणाला धक्का लागला तर जन्मभराचं ओझं. पहिला फेरा अंगणात, पहिल्या गियरमध्ये, चारही चाकांचा ब्रेक सारखा लागतो का एवढंच बघायला. उतरून प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, एखादा जास्त गरम असेल तर तो ब्रेक धरून राहतोय. मग सुट्टीच्या सकाळी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर, पाच-पाच किलोमीटर. ठाणे-बेलापूर रोड किंवा घोडबंदरचा गायमुख घाट पहिल्या आठवड्यात नको. तिथे बंद पडलात तर बाजूला घ्यायला जागा नसते. शंभर किलोमीटर झाले की ऑइल आणि डिझेल फिल्टर बदला, चाकांचे नट आणि यू बोल्ट पुन्हा आवळा.

पीयूसीला इंजिन नीट तापवूनच न्या, थंड इंजिन नापास होतं. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. इंजेक्टर नीट असतील तर त्याहून बरंच कमी येतं. फिटनेसला जाताना सगळे दिवे, हॉर्न, वायपर, आरसे चालू हवेत. परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, मागे लाल, बाजूला पिवळ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट लागते, तिची नोंदणी आधीच करून ठेवा, नाहीतर आरटीओची कामं अडतात. गाडीचं एकूण वजन आरसीवर ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही.

आमची गाडी पास झाली त्या आठवड्यात बाबा पहाटे माझ्या शेजारी बसून मार्केटला आले. आता ती आठवड्यातून दोनदा तरी चालते. जूनच्या आधी टाकी काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागाच राहत नाही. दर पंधरा दिवसांनी पाण्याची वाटी उघडून बघतो. गेल्या पावसाळ्यात तिच्यात एकदाच, अर्धा चमचा पाणी निघालं.